उतारावरचे गवत मिनी ट्रॅक्टरने कापताना

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे नेमके कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. घरामागच्या टेकाडाचा उतार 'साधारण पस्तीसचा' आहे. तुमच्याकडे २५ अश्वशक्तीचा, फोर व्हील ड्राइव्ह आणि हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने, पेडलवर चालणारे) असलेला मिनी ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे लोडर (माती उचलायची बकेट) आणि मागे रोटरी स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारे अवजार) आहे. मागच्या वेळी उताराला आडवे कापत असताना वरच्या अंगाचे मागचे चाक क्षणभर हलके झाल्यासारखे वाटले आणि तुम्ही काम थांबवले. आता मागच्या टायरमध्ये पाणी भरले, चाकांमधले अंतर वाढवले, तर हा उतार सुरक्षितपणे कापता येईल का, आणि आडवे कापावे की उभे, हे तुम्हाला विचारायचे आहे. तुम्ही त्या क्षणी थांबलात हे फार चांगले केलेत. चाक हलके वाटले म्हणजे कलंडण्याआधी हाताशी असलेले राखीव अंश जवळपास संपले होते, आणि तेवढी सूचनाही दर वेळी मिळत नाही.

मी बरीच वर्षे तलावांचे बांध, रस्त्याकडेचे भराव आणि बागांमधले उतार कापण्याचे काम करतो. या काळात 'ट्रॅक्टर किती अंशांवर उलटतो' हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. माझे मत असे की हा प्रश्नच थोडा चुकतो. ट्रॅक्टर सरासरी उतारावर उलटत नाही. तो एका विशिष्ट जागी उलटतो, जिथे खालचे चाक खड्ड्यात जाते, किंवा वरचे चाक दगडावर चढते, आणि नेमके तेव्हाच वेग थोडा जास्त असतो किंवा स्टिअरिंग वळवलेले असते. म्हणून विचारायचे ते हे, की माझ्या उतारावरच्या सर्वांत वाईट जागी माझ्याकडे किती अंश शिल्लक राहतात. याचे उत्तर तुमच्या जमिनीवर, टायरवर, ओलाव्यावर आणि तुमच्या सवयींवर अवलंबून आहे, त्यामुळे दुरून मी एकच आकडा देऊ शकत नाही. हिशेब कसा करायचा ते मात्र नक्की सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे 'पस्तीस' म्हणजे काय, हे ठरवणे. पस्तीस टक्के आणि पस्तीस अंश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३५ टक्के म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात ३५ मीटर उंची, आणि तो कोन सुमारे १९ अंशांचा होतो. ३५ अंश म्हणजे मात्र ७० टक्के, आणि त्यावर माणसालाही सरळ उभे राहणे कठीण जाते. मोबाइलमधले कोन मोजण्याचे ॲप बहुधा अंश दाखवते, तर बांधकामाच्या नकाशात टक्के किंवा 'तीनास एक' असे प्रमाण असते, आणि गोंधळ इथेच होतो. खात्रीचा उपाय साधा आहे. बरोबर एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, तिचे वरचे टोक जमिनीला टेकवा, खालचे टोक उचलून पाणसळ ठेवून फळी समपातळीत आणा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर उभे मोजा. जितके सेंटिमीटर भरतील तितके टक्के. १८ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५ अंश, ३६ म्हणजे २० अंश आणि ४७ म्हणजे २५ अंश. हे मोजमाप एकाच ठिकाणी घेऊ नका. उताराच्या पोटात जिथे फुगवटा असतो तिथे, आणि पायथ्याजवळ जिथे जमीन खचलेली असते तिथे, कोन सरासरीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज जास्त निघतो. कागदावर लिहायचा आकडा हा सर्वांत तीव्र जागेचा असला पाहिजे.

आता ट्रॅक्टर बाजूला का कलंडतो ते पाहू. चार चाके जमिनीवर दिसतात, म्हणून आपल्याला वाटते की ट्रॅक्टर चौकोनावर उभा आहे. प्रत्यक्षात त्याचा पुढचा आस मधल्या एका पिनवर दोन्ही बाजूंना झुलत असतो. त्यामुळे कलंडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात पुढची चाके आधार देतच नाहीत, आणि ट्रॅक्टर मागची दोन चाके आणि पुढची पिन अशा त्रिकोणावर उभा असतो. पुढचा आस त्याच्या अडणीला जाऊन टेकतो तेव्हा कुठे पुढची चाके मदतीला येतात, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. उदाहरण म्हणून समजा, मागच्या चाकांची बाहेरच्या कडांपर्यंतची रुंदी १२० सेंटिमीटर आहे आणि लोडर व चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. अर्धी रुंदी ६० आणि उंची ७०, यावरून कोन सुमारे ४० अंश निघतो. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो हे धरले की तो पस्तिशीच्या आसपास उतरतो. टायर दबतात, उतारावर अंग खाली झुकते, आणि त्यात आणखी दोन-तीन अंश जातात. हा आकडा स्थिर उभ्या ट्रॅक्टरचा, सपाट केलेल्या उतारावरचा आहे.

त्यातून जमीन किती अंश काढून घेते ते बघा. दोन मागच्या चाकांच्या मध्यांत १०० सेंटिमीटर अंतर असेल आणि खालचे चाक १० सेंटिमीटर खोल, म्हणजे जेमतेम मुठीएवढ्या खड्ड्यात गेले, तर ट्रॅक्टरचा कल लगेच जवळपास ६ अंशांनी वाढतो. त्याच वेळी वरचे चाक तेवढ्याच उंचीच्या दगडावर चढले, तर वाढ ११ अंशांची होते. वीस अंशांचा उतार त्या जागी एकतीस अंशांचा झाला. शिवाय हे सगळे झटक्याने घडते, आणि झटक्याने कललेले यंत्र नव्या कोनावर जाऊन शांत थांबत नाही; ते आधी त्याच्या पुढे झुकते आणि मग मागे येते, येण्याइतकी जागा शिल्लक असेल तर. तुमचे चाक हलके झाले ते बहुधा अशाच एखाद्या जागी. डॅशबोर्डवर लावायचा कलमापक मी वापरतो, पण तो आत्ताचा कल दाखवतो, दोन हातांवर गवतात लपलेला खड्डा दाखवत नाही.

एकदा एका जुन्या मातीच्या बांधावर मी असाच फसलो होतो. उतार सोळा-सतरा अंशांचा, जमीन कोरडी, कंबरेएवढे गवत. आदल्या दोन वर्षी तोच बांध आडवा कापला होता, म्हणून त्या वर्षी चालून पाहण्याचा कंटाळा केला. मधल्या काळात एक जुने खोड कुजून आत बसले होते आणि त्याच्या जागी घमेलाभर पोकळी तयार झाली होती, वरून गवताने नीट झाकलेली. खालचे मागचे चाक तिच्यात बसले, सीटखालचा आधार एकदम निसटल्यासारखा झाला, आणि वरच्या चाकाची नक्षी गवताच्या शेंड्यांवरून अधांतरी फिरताना मला खांद्यावरून दिसली. मी स्टिअरिंग उताराच्या खालच्या बाजूला वळवले आणि पेडलवरचा पाय उचलला. नाक खाली वळताच ट्रॅक्टर सावरला. त्या दिवसापासून चालून पाहिल्याशिवाय मी कोणताही उतार कापत नाही. हातात काठी आणि कापडी पट्ट्या बांधलेल्या बांबूच्या काड्या घेऊन पट्ट्यापट्ट्याने चालतो, काठीने गवत बाजूला करतो, आणि खड्डा, खोड, दगड, वारूळ किंवा उंदरा-घुशींची बिळे दिसली की काडी रोवतो. हे काम ट्रॅक्टर चालवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि पावसाळ्यानंतर ते नव्याने करावे लागते, कारण पाण्याने जमीन बदललेली असते.

कलंडण्याची भीती सगळ्यांना असते. घसरण्याची फारशी कुणाला नसते. माझ्या अनुभवात मात्र पहिली अडचण बहुतेक वेळा घसरण्याचीच येते. आडवे कापताना पुढची चाके खाली सरकू लागतात आणि ट्रॅक्टर खेकड्यासारखा तिरपा चालतो. नुसते घसरणे जीवघेणे नसते, पण घसरणारे चाक खोडाला किंवा चराच्या काठाला अडले की खालचा भाग थांबतो, वरचा भाग थांबत नाही, आणि एरवी उलटला नसता असा ट्रॅक्टर उलटतो. दव पडलेले गवत निसरडे असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कडक जमिनीवरचे वाळके, लांब गवतही चाकाखाली तितकेच सरकते, आणि नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवताचा थर तर त्याहून जास्त. म्हणून मी दव पूर्ण उडाल्यावरच सुरुवात करतो आणि दाट गवत असेल तर एकदम खालपर्यंत न कापता दोन वेळा कापतो.

उतरताना होणारे घसरणे वेगळे आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात, म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहेत त्यांचीच पकड सर्वांत कमी होते. फोर व्हील ड्राइव्ह चालू असेल तर पुढची चाकेही ट्रान्समिशनला जोडलेली राहतात आणि तीही रोखून धरतात. बंद असेल तर मागची चाके लॉक होतात आणि ट्रॅक्टर सरळ खाली जातो. म्हणून उतारावर पाय ठेवण्यापूर्वी, सपाट जमिनीवरच, फोर व्हील ड्राइव्ह चालू, रेंज लो मध्ये, म्हणजे सर्वांत सावकाश गतीच्या टप्प्यात, आणि डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली, हे तिन्ही पाहून घ्यावे. उतारावर रेंज बदलू नये. बदलताना मधे न्यूट्रल येतो आणि त्या क्षणी हायड्रोस्टॅटिकची पकड सुटून ट्रॅक्टर मोकळा धावतो. घसरायला लागलाच तर ब्रेक दाबून चाके लॉक करू नका. नाक सरळ उताराकडे ठेवा आणि चाके पुन्हा फिरू लागतील इतके पुढे जाण्याचे पेडल हलके दाबा. मनाविरुद्ध वाटते, पण फिरणारे चाक पकड घेते आणि स्टिअरिंगलाही दाद देते.

आता उभे की आडवे. तुमच्या ट्रॅक्टरसाठी माझे उत्तर 'उभे' असे आहे, आणि तेही शक्यतो उतरतानाच कापावे. वर जायला सौम्य वाट असेल तर वळसा घालून त्या वाटेने वर जावे, माथ्यावरच्या सपाट जागेत ट्रॅक्टर सरळ करावा आणि लो रेंजमध्ये, माणूस सावकाश चालतो त्या गतीने, सरळ खाली कापत यावे. वळण पायथ्याच्या सपाटीवरच घ्यावे. वळसा घालायला वाट नसेल तर नुकत्याच कापलेल्या पट्ट्यावरून, पीटीओ (इंजिनची ताकद स्लॅशरला देणारा फिरता दांडा) बंद करून आणि स्लॅशर जमिनीपासून जेमतेम उचलून, रिव्हर्समध्ये वर जावे. जड बाजू नेहमी चढाकडे असावी हा त्यामागचा नियम आहे. मागे स्लॅशर लटकलेला असताना तीव्र चढावर पुढच्या तोंडाने गेलात तर पुढची चाके हलकी होतात, आणि पेडल झटक्यात दाबले किंवा मागचे चाक रुतले तर ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उताणा होतो. हे एका सेकंदाच्या आत घडते, त्यामुळे चालकाला काही करायला वेळच मिळत नाही. माथ्यावर किंवा पायथ्याला वळायला सपाट जागाच नसेल, तर मी असे काम ट्रॅक्टरने घेत नाही.

पाणी आणि चाकांमधले अंतर याबद्दल तुम्ही खास विचारले आहे. दोन्ही करा, पण त्यांच्याकडून किती मिळते ते जाणून करा. मागच्या टायरमध्ये साधारण तीन-चतुर्थांश, म्हणजे वॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरतात. या आकाराच्या टायरमध्ये प्रत्येकी शंभर लिटरच्या आसपास मावते. हे वजन गुरुत्वमध्याच्या खाली बसते, म्हणून गुरुत्वमध्य उतरतो आणि मागच्या चाकांची पकडही वाढते. थंडीत पाणी गोठते अशा ठिकाणी नुसते पाणी चालत नाही, त्यात न गोठणारे द्रव्य घालावे लागते. चाके प्रत्येकी १० सेंटिमीटर बाहेर काढलीत तर वरच्या उदाहरणातला कोन सुमारे ४ अंशांनी वाढतो. हा फायदा खरा आहे, पण मुठीएवढा एक खड्डा याहून जास्त घेऊन जातो. चाके बाहेर घेताना माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच घ्या, कारण आसाच्या बेअरिंगवर त्याचा ताण येतो, आणि पहिल्या काही तासांनंतर नट पुन्हा आवळा.

याउलट लोडर काढून ठेवणे फुकट आहे आणि त्याचा परिणाम चांगला होतो. उतरताना लोडरचे वजन पुढच्या चाकांवर पडते आणि मागची चाके आणखी हलकी होतात. शिवाय बकेट थोडी जरी उचललेली राहिली तरी गुरुत्वमध्य वर जातो. कापणीत लोडरचे काही काम नसते. काढणे शक्यच नसेल तर बकेट जमिनीला जवळजवळ घासेल इतकी खाली ठेवा.

जुन्या, साध्या गिअरच्या ट्रॅक्टरने उतार कापणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ज्या ट्रॅक्टरात पीटीओ ट्रान्समिशनमधून चालतो, त्यात क्लच दाबला तरी स्लॅशरच्या जड पात्यांचा वेग उलट दिशेने चाकांपर्यंत पोहोचतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. उतारावर क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही, हे पहिल्यांदा अनुभवताना माणूस गोंधळून जातो. पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग कपलर बसवला की हा धोका जातो. तुमच्या हायड्रोस्टॅटिकला बहुधा याची गरज नाही, पण इंजिनचा एक मुद्दा सगळ्यांना लागू आहे. फार तिरप्या अवस्थेत बराच वेळ चालल्यास ऑइल एका बाजूला जाते आणि पंपाला हवा ओढली जाते. ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे आणि इंजिनसाठी दिलेली कलाची मर्यादा पुस्तिकेत पाहावी.

रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान) उभा आणि सीट बेल्ट लावलेला, या जोडीबद्दल मी तडजोड करत नाही. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण १९५९ मध्येच सक्तीचे केले, आणि त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. बार उभा असताना बेल्ट लावा. झाडांच्या फांद्यांखालून जाण्यासाठी बार दुमडलेला असेल तेव्हा बेल्ट लावू नका, आणि दुमडलेल्या बारने उतारावर जाऊच नका. ट्रॅक्टर कलंडू लागला तर उडी मारण्याचा मोह होतो, पण उडी मारणारा बहुधा त्याच बाजूला पडतो ज्या बाजूला ट्रॅक्टर येतो. स्टिअरिंग घट्ट धरून सीटवरच राहायचे.

माझी स्वतःची मर्यादा अशी आहे. सर्वांत तीव्र जागी १० अंशांपर्यंत मी कोणत्याही दिशेने कापतो. १० ते १५ अंशांत, चालून पाहिलेल्या आणि गुळगुळीत जमिनीवरच आडवे कापतो. बसून चालवायच्या अनेक गवत कापणी यंत्रांच्या पुस्तिकांत १५ अंशांचीच मर्यादा दिलेली असते. १५ ते २० अंशांत फक्त उभे, कोरड्यात, लोडर काढून आणि टायर भरून. २० अंशांच्या पुढे या जातीच्या ट्रॅक्टरने मी कापत नाही. भरावाचे उतार आखणारे अभियंतेही यंत्राने कापता यावा म्हणून उतार तीनास एक, म्हणजे साधारण १८ अंश, यापेक्षा तीव्र ठेवत नाहीत. तो आकडा माझ्या अनुभवाशी जुळतो.

तुमचे पस्तीस हे टक्के असतील, तर तुम्ही १९ अंशांवर आहात: काम शक्य आहे, पण आडवे मुळीच नाही, आणि खड्डे बुजवल्यानंतरच. ते अंश असतील, तर टायरमध्ये कितीही पाणी भरून उपयोग नाही. तिथे मागे चालत ढकलायचे, रुंद चाकांचे कटर बार यंत्र (कात्रीसारख्या पुढेमागे सरकणाऱ्या पात्यांचे), दुरून चालवायचे, साखळीपट्ट्यांवर चालणारे क्रॉलर मॉवर, किंवा माथ्यावरच्या सपाटीवर ट्रॅक्टर उभा करून लांब हाताने खाली पोहोचणारे बूम मॉवर वापरावे लागते. आल्प्सच्या कुरणांत तीव्र उतारांसाठी बुटकी, रुंद पायाची वेगळीच यंत्रे वापरतात, ती याच कारणासाठी. शेळ्या हाही खरा पर्याय आहे, फक्त कुंपण आणि राखण लागते. आणि तो उतार दर महिन्याला कापायचाच का, हेही एकदा तपासा. वर्षातून दोनदा कापून, दहा-बारा सेंटिमीटर गवत राखले तर मुळे माती धरून ठेवतात. वारंवार चाके फिरवून उघड्या पडलेल्या पट्ट्यांतून पहिल्या मोठ्या पावसात माती वाहते. सर्वांत तीव्र पट्टा झुडपांना किंवा पसरणाऱ्या वेलींना सोडून, उरलेला भाग ट्रॅक्टरने कापणे हा मला अनेकदा सर्वांत समाधानकारक तोडगा वाटला आहे.

पुढचे नेमके सांगण्यासाठी मला तुमच्याकडून चार मोजमापे हवी आहेत: फळी लावून घेतलेला सर्वांत तीव्र जागेचा आकडा, मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी, माथ्यावर आणि पायथ्याला वळायला असलेली सपाट जागा, आणि पायथ्यानंतर काय आहे ते, म्हणजे मोकळे शेत, चर, पाणी की भिंत. चर असेल तर तो जितका खोल, निदान तितके अंतर त्याच्या काठापासून सोडूनच चाक गेले पाहिजे, आणि त्या हिशेबाने पायथ्याची सपाटी पुरते की नाही ते आधी पाहावे लागेल. तोवर स्लॅशर खाली टेकवून ठेवा आणि जमीन चालून काड्या रोवायला सुरुवात करा.